कादंबरीला रोज भेट

अगं, तुझा मेसेज वाचला. कादंबरी डोक्यात तयार आहे, फक्त वेळ मिळत नाही, दिवाळीच्या सुट्टीत बसेन म्हणतेस. तुझी तळमळ खरी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट सांगते: दिवाळीची वाट बघू नकोस. त्या सुट्टीत फराळ असेल, नणंद माहेरपणाला आलेली असेल, मुलांचा किल्ला असेल. त्यातूनही आठ दिवस अगदी मोकळे मिळाले, तर सुरुवात दणक्यात होईल आणि शाळा-ऑफिस सुरू झालं की वही कपाटात जाईल.

कथा एकदोन बैठकांत आटोक्यात येते. कविता तर कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही सुचते. कादंबरीत माणसं फार, काळ लांब, आणि सगळ्यांचं सगळं लिहिणारीच्या डोक्यात जागतं राहावं लागतं. चार दिवस तिच्याकडे फिरकली नाहीस, तर पाचव्या दिवशीची निम्मी बैठक ही बाई इथे कशाला आली होती हे आठवण्यात जाते. म्हणून माझं म्हणणं असं, की वेळ किती मिळतो यापेक्षा खंड किती पडतो हे बघ. रोजच्या चाळीस मिनिटांत जे होतं ते महिन्यातून एखाद्या मोकळ्या रविवारी होत नाही.

तू अँथनी ट्रोलपचं नाव ऐकलं असशील. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. टपाल खात्यात नोकरी करायचा, आणि तीही मन लावून. रस्त्यावरच्या टपालपेट्या त्या देशात आणण्यात त्याचा हात होता. १८६७ साली त्याने नोकरी सोडली, तोवर त्याच्या कितीतरी कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. एकूण ४७ लिहिल्या त्याने. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी असायचा. उठवायला एक म्हातारा नोकर ठेवला होता, कॉफी आणून द्यायचा, त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे. आपल्या यशाचं सर्वांत मोठं श्रेय ट्रोलपने आत्मचरित्रात या माणसाला दिलंय. बैठक तीन तासांची. त्यातला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचून त्याचा नाद कानात घ्यायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. किती पानं झाली याची रोज वहीत नोंद. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये हे आत्मचरित्र आलं, तेव्हा पुष्कळांना हे फार कारकुनी वाटलं. मला मात्र त्यात कादंबरीवरची अपार माया दिसते. जिच्यावर जीव आहे तिच्यासाठीच माणूस एवढ्या पहाटे उठतो.

कामासाठी त्याला सारखी फिरती असायची. मग त्याने मांडीवर ठेवायची एक छोटी पाटीवजा फळी करून घेतली आणि रेल्वेच्या डब्यात पेन्सिलीने लिहायला लागला. ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा बराच भाग असा गाडीत लिहिलेला आहे. आणि आता हे नीट ऐक: त्या पेन्सिलीच्या कागदांची शाईतली स्वच्छ प्रत त्याची बायको रोझ करायची. उठवायला नोकर, नक्कल करायला बायको. तुला-मला यातलं काहीच नाही. तेव्हा त्याचे तीन तास बघून खंतावू नकोस. तीन तास त्याचे त्यालाच राहू देत.

तू त्याच्या आईकडे बघ. फ्रान्सिस ट्रोलप. पहिलं पुस्तक १८३२ मध्ये आलं तेव्हा बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. नवरा कर्जबाजारी झाल्यावर घर बेल्जियममधल्या ब्रुजेसला हलवलं. तिथे मुलगा हेन्री क्षयाने अंथरुणाला खिळला, नवराही आजारी, आणि घर चालायचं ते हिच्या पुस्तकांच्या पैशांवर. औषधांच्या बाटल्या आणि शाईची दौत तिच्या खोलीत शेजारी शेजारी असायची, असं अँथनीने लिहून ठेवलंय. हेन्री १८३४ च्या डिसेंबरात गेला. ती रात्र रात्र उशाशी बसली आणि लिहीतही राहिली. एरवीच्या दिवसांत पहाटे चारला बसायची आणि घर उठायच्या आत तिचं लेखन आटोपलेलं असायचं. नंतर दिवसभर ती सगळ्यांची होती.

मी हे तुला लाजवायला सांगत नाहीये. मूल आजारी असताना तू लिहावंस, असं मी कधीच म्हणणार नाही. तिच्यावर ती वेळ पोटाने आणली होती. पण घरातली माणसं उठायच्या आधीचा वेळ हा बाईच्या लेखनाचा फार जुना आसरा आहे, हे तुला कळावं म्हणून सांगितलं. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलगे एकटीने वाढवत होत्या, आणि पहाटे उजाडायच्या आत कॉफी घेऊन बसायच्या. आपल्या इथल्या आशापूर्णा देवी बघ. शाळेचं तोंड न पाहिलेली बंगाली गृहिणी, संसार सांभाळत लिहीत राहिली आणि १९७६ साली ज्ञानपीठ मिळवणारी पहिली स्त्री ठरली. नोकरी सांभाळून लिहिणारे पुरुषही होते: मुंबईत श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत होते आणि तेव्हाच त्यांच्या ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’ या कादंबऱ्या आल्या.

आता तुझ्या घराचं बघू. तुझ्याकडे पाणी सहाला येतं, सातला मुलांची बस, साडेसातला तुझा डबा. म्हणजे पाच ते पावणेसहा तुझे. पहाटे डोळेच उघडत नसतील तर ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं धर, नाहीतर मुलं क्लासला गेल्यावर खाली बाकावर बस. कुठलीही वेळ चालेल, पण तीच रोज. आणि झोप तोडून उठायचं नाही. पाचला उठायचं तर दहाला आडवं व्हायचं. रात्रीची मालिका आणि मोबाइल सोडावा लागेल, त्याला इलाज नाही.

रोज अडीचशे शब्द ठरव. एवढंसं वाटतं, पण वर्षातले अडीचशे दिवस जरी साधले, तरी साडेबासष्ट हजार शब्द होतात. ती भरघोस कादंबरी आहे. पहिल्या प्रकरणातच घोटाळत बसू नकोस. फक्त कालचं पान वाच आणि पुढे चल.

बैठक संपवताना सगळं लिहून मोकळी होऊ नकोस. पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांब. हेमिंग्वेही असंच थांबायचा. निखाऱ्यांवर राख सारून ठेवली की सकाळी एक फुंकर पुरते, तसं आहे हे. पानाच्या तळाशी उद्यासाठी एक ओळ लिहून ठेव: ‘आता सुमन पत्र उघडते, पण दिवा जातो.’ दुसऱ्या दिवशी कोरं पान तुला घाबरवत नाही.

एक दोनशे पानी वही वेगळी घाल. मागच्या पानांवर माणसांची यादी कर: कुणाचं वय काय, घराला दारं किती, पावसाळा कोणत्या प्रकरणात. मागे तू सांगितलंस की तुझ्या कादंबरीतली आत्या तिसऱ्या प्रकरणात भल्या पहाटे विहिरीवर घसरते आणि तिचा डावा पाय अधू होतो. लिहून ठेव ते, नाहीतर सातव्या प्रकरणात ती तरातरा माळ्यावर चढेल. दिवसभरात पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभ्याने जे सुचेल ते फोनवर बोलून ठेव आणि रात्री वहीत उतरव.

आणि घरात सांग. चोरून लिहिलंस तर पहिल्याच पाहुण्याला ती वेळ जाईल. सासूबाईंना, नवऱ्याला, मुलांनाही सरळ सांग, की मी कादंबरी लिहितेय आणि या वेळेत मला हाक मारू नका. सुरुवातीला मारतीलच. उठू नकोस. रोज त्याच खुर्चीत बसलेली दिसलीस की घराला सवय होते. चहाचं आधण नवऱ्यालाही ठेवता येतं.

शेवटचं म्हणजे कुणीतरी वाट बघणारं हवं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. आनंदाश्रम या संस्थेचा कारभारही त्यांच्याकडे होता, तरी पुढच्या अंकाची वाट बघणारे वाचक होते, म्हणून लिहावंच लागे. तुझ्यासाठी तो वाचक मी होते. दर शनिवारी संध्याकाळी फोन कर आणि आठवड्याचं लिहिलेलं वाचून दाखव. सुधारत बसू नकोस, खाडाखोडीसकट वाच. मी मध्ये काही बोलणार नाही. आत्या विहिरीवर इतक्या पहाटे कशाला गेली होती, ते मला ऐकायचंय.