ध्वनिचित्रफितींचे कोडेक : निवड तांत्रिक, परिणाम आर्थिक

उच्च शिक्षणात आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ध्वनिचित्रफितींचे महत्त्व गेल्या दोन दशकांत सातत्याने वाढत गेले आहे. २००३ मध्ये सुरू झालेला एनपीटीईएल प्रकल्प आणि २०१७ मध्ये कार्यान्वित झालेले ‘स्वयम्’ व ‘स्वयंप्रभा’ हे उपक्रम यांमुळे नामवंत संस्थांतील व्याख्याने दूरवरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू लागली. मात्र उतरवून घेतलेली फीत संगणकावर उघडताच केवळ आवाज ऐकू यावा आणि चित्र दिसू नये, किंवा ‘कोडेक उपलब्ध नाही’ असा संदेश यावा, हा अनुभवही अनेकांना येतो. वरकरणी ही तांत्रिक अडचण असली तरी तिच्या मुळाशी मानके, पेटंट आणि बाजारपेठेची रचना हे अर्थशास्त्रीय प्रश्न आहेत.

कोडेक म्हणजे काय?

पूर्ण उच्च दर्जाच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूस २४ बिट आणि सेकंदास २५ चित्रे धरल्यास एका तासाच्या फितीस सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात तीच फीत सेकंदास ४ मेगाबिट या दराने साठवल्यास १.८ गिगाबाइटमध्ये मावते. तीनशे पटींहून अधिक असलेले हे संक्षेपण ‘कोडेक’ करतो. हा शब्द ‘कोडर-डिकोडर’ यावरून तयार झाला आहे. लागोपाठच्या चित्रांत फारसा फरक नसतो. त्यामुळे पूर्ण चित्र पुन्हा न साठवता केवळ बदल नोंदवणे, हे या संक्षेपणाचे मुख्य तत्त्व होय.

एमपी४, एव्हीआय किंवा एमकेव्ही ही कोडेकची नावे नव्हेत. ही केवळ वेष्टने आहेत. त्यांच्या आत चित्र एका कोडेकने व आवाज दुसऱ्या कोडेकने बद्ध केलेला असतो. म्हणूनच वेष्टन ओळखीचे असूनही आतील चित्र दिसेलच असे नाही.

अदृश्य शुल्क

संगणकावर फीत पाहणाऱ्यास कोडेकसाठी सहसा वेगळी रक्कम मोजावी लागत नाही. याचा अर्थ कोडेक विनामूल्य असतो असा नाही. २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ हे मानक अनेक कंपन्यांच्या पेटंटांवर आधारलेले आहे. या पेटंटांचा एकत्रित परवाना ‘पेटंट संच’ देतो. उपकरणांचे व सॉफ्टवेअरचे उत्पादक त्याचे स्वामित्वशुल्क भरतात आणि ते अंतिम किमतीत मिसळते. विंडोज ८ मधून २०१२ मध्ये डीव्हीडी पाहण्याची अंगभूत सोय वगळण्यात आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने परवाना शुल्काचा भार हे एक कारण दिले होते.

पेटंटधारक अनेक असले की गुंतागुंत वाढते. एच.२६५ हे मानक २०१३ मध्ये आले. एच.२६४ च्या तुलनेत जवळपास निम्म्या जागेत तोच दर्जा देण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. परंतु २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये त्याचे तीन स्वतंत्र पेटंट संच निर्माण झाले. एकूण शुल्क किती होईल याचीच अनिश्चितता निर्माण झाल्याने तांत्रिकदृष्ट्या सरस मानकाचा प्रसार मंदावला. एकाच वस्तूसाठी अनेकांची परवानगी लागल्यास तिचा वापर इष्ट पातळीपेक्षा कमी होतो, या अर्थशास्त्रीय सिद्धान्ताचे हे ठळक उदाहरण आहे.

या अनुभवातूनच शुल्कमुक्त पर्यायांना बळ मिळाले. गूगलने २०१० मध्ये व्हीपी८ खुला केला. पुढे २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ स्थापन केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा कोडेक प्रसिद्ध झाला. त्याच्यावरही काही पेटंटधारकांनी हक्क सांगितला असल्याने ‘शुल्कमुक्त’ हा दावा निर्विवाद नाही.

जाळ्याचा परिणाम

एखादे मानक जितके अधिक लोक वापरतात तितके ते प्रत्येकास अधिक उपयुक्त ठरते. यास ‘जाल-बाह्यता’ म्हणतात. त्यामुळे एकदा रूढ झालेले मानक बदलणे खर्चिक होते. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश सेवेत हे दिसून येते. या सेवेचे प्रारंभीचे प्रसारण एमपीईजी-२ पद्धतीचे होते. एमपीईजी-४ पद्धतीने त्याच क्षमतेत अधिक वाहिन्या देता येतात, परंतु जुन्या सेट-टॉप बॉक्सवर त्या दिसत नाहीत. प्रसारकाची बचत आणि गरीब प्रेक्षकाचा खर्च यांचा मेळ घालणे, हा केवळ अभियंत्याचा निर्णय राहत नाही.

भारताची धोरणात्मक भूमिका

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार संगणक आज्ञावली ‘केवळ आज्ञावली म्हणून’ आणि गणनविधी पेटंटपात्र नाहीत. तथापि, उपकरणाशी जोडलेल्या तांत्रिक प्रक्रियेचा प्रश्न वेगळा ठरतो. डीव्हीडी प्लेअरविषयक पेटंटासंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दिलेला निर्णय हा मानक-आवश्यक पेटंटाबाबत पूर्ण सुनावणीअंती दिलेला देशातील पहिला निर्णय मानला जातो.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण अधिसूचित केले. मानकाचा तपशील सर्वांना उपलब्ध असावा आणि त्यासाठी आवश्यक पेटंट शुल्काविना वापरता यावीत, हा त्याचा गाभा होय. योग्य मानक नसल्यास काही अटी शिथिल करण्याची तरतूदही त्यात आहे. पुढे २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर झाले.

‘स्पोकन ट्युटोरिअल’चा धडा

आयआयटी मुंबईच्या या प्रकल्पास माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून अर्थसाहाय्य लाभले. साधारण दहा मिनिटांचे त्याचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाले आणि थिओरा या शुल्कमुक्त कोडेकमध्ये उपलब्ध करण्यात आले. पाठांत संगणकाचा पडदाच दाखवलेला असल्याने चित्रांत बदल थोडा असतो, आणि त्यामुळे फीत लहान होते. मंद जोडणी असलेल्या महाविद्यालयांसाठी ही मोलाची बाब होती.

मात्र थिओरा सर्वत्र रुजला नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनीही २०२४ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. मग खुलेपणाचा उपयोग काय? उत्तर असे की थिओराचा तपशील व मूळ आज्ञावली सार्वजनिक असल्याने हे पाठ आजही व्हीएलसीमध्ये उघडतात आणि एफएफएमपेगच्या साह्याने, कोणाचीही परवानगी न घेता, नव्या स्वरूपात रूपांतरित करता येतात. याउलट गुप्त स्वरूपातील ‘रिअल व्हिडिओ’च्या काही आवृत्त्यांचा उलगडा स्वयंसेवकांना उलट विश्लेषणाने करावा लागला. खुले मानक अमर नसते, पण त्यातील ज्ञान बंदिस्त होत नाही.

विद्यार्थ्यांनी निवड कशी करावी?

१. कोडेक अंगभूत असलेला मुक्त प्लेअर निवडावा. व्हीएलसी हा फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला प्लेअर २००१ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. एमपीव्ही हाही चांगला पर्याय आहे. तो निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

२. अनोळखी ठिकाणचे ‘कोडेक पॅक’ टाळावेत. त्यांतून घातक आज्ञावली शिरू शकते, तसेच एकाच कामासाठी दोन डिकोडर आल्याने बिघाड होतो.

३. फीत उघडत नसल्यास प्रथम आतील कोडेक तपासावा. व्हीएलसीच्या ‘टूल्स’ सूचीत ही माहिती मिळते.

४. जुन्या संगणकात एव्ही१ साठी स्वतंत्र परिपथ नसतो. मुख्य प्रोसेसरवर भार पडून चित्र अडखळते. तेथे एच.२६४ ची फीत सोयीची. संगणक नवा व जोडणी मंद असल्यास एव्ही१ किफायतशीर ठरतो.

५. प्रत्येक पुनर्संक्षेपणात दर्जा घटतो. म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी. केवळ वेष्टन बदलल्यास दर्जा कमी होत नाही.

समारोप

एका विद्यार्थ्याने प्लेअर बदलणे सोपे असते. सार्वजनिक निधीतून घडलेल्या हजारो तासांच्या शैक्षणिक फिती पुन्हा रूपांतरित करणे तसे नसते. म्हणून अशा साहित्याची प्रचलित स्वरूपातील प्रत आजच्या सोयीसाठी द्यावी, तर खुल्या मानकातील उच्च दर्जाची मूळ प्रत उद्यासाठी राखावी. बौद्धिक संपदेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, मानक निवडताना आपण केवळ आजची किंमत मोजत नाही, तर भविष्यात बदल करण्याचे स्वातंत्र्य कोणाकडे राहील हेही ठरवत असतो.