मूल ऐकते थोडे, पाहते फार



दीक्षा घेतल्यावर आपण विहारात जातो, हात जोडून पंचशील म्हणतो. शेजारी उभे असलेले मूलही तेच म्हणते. संध्याकाळी उधारी मागणारा दारात येतो, आणि आपण आतूनच सांगतो, "बाबा घरी नाहीत म्हण." सकाळी मुलाने चौथे शील ऐकले, संध्याकाळी ते खोटे बोलायला शिकले. दोष कोणाचा?

मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. पाय धुतल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि राहुलाला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेसेच! मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले. पुढे आरशाचा दाखला दिला : कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ती तपासून पाहा, तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय? सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जी सात धम्मवचने नेमून दिली, त्यांत हा उपदेश आहे. आणि तो भिक्खूंप्रमाणे उपासक-उपासिकांसाठीही आहे.

बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत आपले बालपण सांगितले आहे. वडील सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भीमरावांनी विचारले, हे का वाचायचे? वडिलांनी कारण सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. पण त्या घरात प्रश्न विचारता येत होता. त्याआधीच दादा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले होते. केळुसकर ना नात्याचे, ना जातीचे. पण ते कल्याणमित्र ठरले.

आपल्या उलव्याकडे पाहा. भातशेती आणि खाडीच्या या भागात सिडकोची वसाहत झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ठिकठिकाणची कुटुंबे इथल्या इमारतींत आली. आजी-आजोबा गावी, आईबाप कामावर. मग मूल शिकते ते सोबत्यांकडून आणि मोबाइलवरून. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे नव्हे, संपूर्ण ब्रह्मचर्य होय, असे भगवंतांनी आनंदाला सांगितले ते यासाठीच. शेजारच्या मुलाचा अभ्यास घेणारा, त्याला पुस्तक देणारा प्रत्येक उपासक हा कल्याणमित्र आहे.

आज रात्री जेवणानंतर मुलांना जवळ बसवा. त्यांच्यासमोर आपण दिवसभरात कुठे चुकलो, ते आधी आपण सांगा. मुलांनी प्रश्न विचारला तर रागावू नका. आईबाप स्वतःला तपासतात, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला शील वेगळे शिकवावे लागत नाही.