बँकेतून वकिलीकडे : अर्ज कुठे करावा?

प्रश्न : वय ४३. अनेक वर्षे सहकारी बँकेच्या कर्जवसुली विभागात काढली. यंदा एलएल.बी. झालो. ज्युनिअर म्हणून मला कोण घेईल?

उत्तर : वयाची धास्ती आधी सोडा. ४५ वर्षांपुढच्यांना सनद नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच रद्द केला. खरा प्रश्न अर्ज कुठे करायचा, हा आहे. बड्या लॉ फर्म नव्या मुलांना मुख्यतः कॅम्पसवरूनच उचलतात. तिथे तुमचा अनुभव वाया जाईल. त्यापेक्षा वसुलीची प्रकरणे चालवणारी चेंबर्स गाठा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानंतर सहकारी बँकांना सरफेसी कायदा (तारणावरील थकीत कर्जाच्या वसुलीचा कायदा) लागू आहे, यात शंका उरलेली नाही. त्या कायद्याच्या कलम १३(२)ची नोटीस, तिची ६० दिवसांची मुदत, तारणाचे कागद, खातेउतारा हे सारे तुमच्या हाताखालून गेलेले आहे. अर्जात ‘मेहनती आहे’ असे लिहू नका. नोटिशीतली कोणती चूक बँकेला महागात पडते, ते चार ओळींत लिहा. मात्र तुमच्या बँकेची गोपनीय माहिती त्यात येता कामा नये.

‘चाळिशीतला ज्युनिअर सांगितलेले ऐकेल का?’ ही सीनिअरची शंका रास्तच आहे. म्हणून तारखा घेणे, फायली लावणे ही कामेही करीन, असे स्वतःहून सांगा. पैशांची अडचण त्याहून मोठी. बार कौन्सिलने २०२४मध्ये शहरांत दरमहा २०,००० रुपये विद्यावेतन सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका.