अमानत, जकात आणि हक्क : ओठांवरील शब्दांचा अर्थ



आपल्या कोकण किनाऱ्यावर अरबी शब्द केवळ ग्रंथांतून आले नाहीत. ते गलबतांतूनही उतरले. इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये (इ. स. ९१६) सैमूर बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आजच्या अलिबाग तालुक्यातील चौल. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथील लोकांसह सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. होडीचे ‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’ होय. ‘मोसमी वारे’ यातील ‘मोसम’ म्हणजे अरबी ‘मौसिम’, ठरलेला हंगाम.

हे झाले दर्यावरचे शब्द. परंतु काही शब्द आपल्यासोबत जबाबदारी घेऊन आले. शब्द मराठीत रुळला, जबाबदारी मात्र कोठे राहिली, याचा विचार आपण करावयास हवा.

इमानेइतबारे

एखाद्याने ‘इमानेइतबारे चाकरी केली’ असे मराठीत सर्वच समाजांचे लोक म्हणतात. ‘इतबार’ म्हणजे भरवसा. ‘इमान’ हा शब्द अलिफ, मीम, नून या धातूपासून बनला असून ‘अम्न’ (निर्भयता) आणि ‘अमानत’ (विश्वासाने सोपविलेली वस्तू) हे त्याचेच सोबती आहेत. म्हणजे श्रद्धा आणि विश्वासार्हता या एकाच मुळाच्या दोन फांद्या होत.

मक्कावासी प्रेषित मुहम्मद (स.) यांना ‘अल-अमीन’ म्हणत. त्यांच्या जिवावर उठलेल्यांच्या ठेवीही त्यांच्याचकडे होत्या. हिजरतच्या वेळी त्या ठेवी ज्यांच्या त्यांना परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड परिसरातील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत आहेत. त्यांची घरे, वाड्या आणि पाठविलेला पैसा ज्या भावाच्या वा शेजाऱ्याच्या हाती आहे, त्याच्याजवळ अमानतच आहे. अमानत तिच्या मालकाच्या स्वाधीन करा, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह निसा, आयत ५८).

जकात

मराठीत ‘जकात’ म्हटले की नाका आठवतो. शिवकालीन पत्रव्यवहारातही हा शब्द मालावरील कराच्या अर्थाने येतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकात बंद झाली. परंतु जकातनाका हे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे.

मूळ ‘जकात’ या शब्दात दोन अर्थ आहेत : शुद्ध होणे आणि वाढणे. कर सरकारला द्यावयाचा असतो आणि तो राज्यकारभारासाठी खर्च होतो. जकात ही इबादत आहे. निसाबइतकी संपत्ती चांद्र वर्षभर जवळ राहिली, तर रोकड व सोने-चांदीवर अडीच टक्के जकात निघते, आणि ती कोणाला द्यावी याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या आयत ६० मध्ये निश्चित केले आहेत. म्हणून ‘इतका कर भरतो, आणखी जकात कशाला?’ हा प्रश्न केवळ शब्दसाम्यातून उद्भवतो. कर भरल्याने जकात उतरत नाही.

हक्क

‘हक्क’ म्हणजे सत्य, तसेच ज्याचे त्याला मिळालेच पाहिजे ते देणे. ‘अल-हक्क’ हे अल्लाहतआलाचे नाव आहे. मालदारांच्या संपत्तीत याचकाचा व वंचिताचा ठरलेला ‘हक्क’ आहे, असे कुरआन सांगतो (सूरह मआरिज, आयती २४-२५). देणारा उपकार करीत नाही; तो दुसऱ्याचे दुसऱ्याला देतो.

आता एक कागद आठवा : ‘हक्कसोडपत्र’. किनाऱ्यालगतच्या जमिनींना भाव येताच बहिणीला माहेरी बोलाविले जाते आणि सहीसाठी कागद पुढे ठेवला जातो. मालमत्ता थोडी असो वा अधिक, तीत स्त्रियांचा वाटा अल्लाहने ठरवून दिला आहे (सूरह निसा, आयत ७). बहिणीने आपला वाटा ताब्यात येण्याची खात्री असताना, समजून-उमजून, राजीखुशीने दिला, तर ती तिची देणगी ठरेल. परंतु ‘सही केली नाही तर माहेर तुटेल’ या भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे. कागद कायद्यापुढे टिकला, तरी अल्लाहसमोर हिशेब शिल्लक राहतो.

वाचकहो, आज रात्री घरातील मंडळी एकत्र बसतील तेव्हा तीन प्रश्न विचारा. आपल्याजवळ कोणाची अमानत आहे काय? यंदाच्या जकातीचा हिशेब केला आहे काय? आणि घरातील बहिणीचा, आत्याचा वाटा तिला पोहोचला आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर देण्याची तारीख त्याच बैठकीत ठरवा.

जे शब्द आपल्या ओठांवर आहेत, ते आपल्या व्यवहारातही उतरावेत, अशी तौफीक अल्लाहतआला आपणा सर्वांना देवो. आमीन.