तीन बटणांची विजेरी : रंगांचा एक पाठ

रात्री रोहा स्थानकात थांबलेली लांब पल्ल्याची गाडी सुटण्याच्या बेतात असते, तेव्हा शेवटच्या डब्याच्या दारातून गार्ड इंजिनाच्या दिशेने हिरवा प्रकाश दाखवतो. २०२२ पासून रेल्वेने या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ असे नाव दिले आहे. आपल्याकडे मात्र तो अजून गार्डच आहे. पूर्वी त्याच्या हाती रॉकेलचा कंदील असे. आतल्या रंगीत काचा फिरवून एकाच ज्योतीतून लाल, हिरवा किंवा साधा प्रकाश काढता येई. आज त्या जागी तीन रंगांची विजेरी आली आहे. कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या रोह्याकडची आणि पेण परिसरातील अनेक मुले आपल्या वसतिगृहात राहतात. फलाटावर उभे राहून त्या दिव्याकडे टक लावून पाहणाऱ्या अशाच एका मुलाने आम्हाला विचारले, “सर, तशी बॅटरी आपल्याला करता येईल का?” पुढील पाठ त्या प्रश्नातून उभा राहिला. तो कसा शिकवला यापेक्षा त्यातून आम्हीच काय शिकलो, हे या स्मरणिकेत नोंदवावे असे आम्हाला वाटते.

पेणच्या बाजारातून नऊ बारीक दिव्यांची, पेन्सिल सेलपेक्षाही बारीक असे तीन सेल घेणारी प्लास्टिकची स्वस्त विजेरी आणली. प्रथम मुलांनी सोपा मार्ग धरला आणि स्नेहसंमेलनातून उरलेला रंगीत जिलेटिन कागद काचेवर बांधला. निळा प्रकाश बरा आला, लाल मात्र अगदीच मलूल. याचे कारण असे की, विजेरीतील पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा प्रकाश देणारा कण असतो व त्यावर पिवळसर लेप असतो. दोहोंच्या मिश्रणाने डोळ्याला पांढरे भासते. त्या प्रकाशात तांबडा अंश थोडा असतो, आणि जे मुळात थोडे आहे ते कागद कोठून आणणार? जुन्या पितळी विजेरीतल्या तारेच्या बल्बवर हाच लाल कागद लावला असता तर तो झकास दिसला असता, पण निळ्याची तीच गत झाली असती.

तेव्हा पांढरे दिवे काढून त्या जागी तीन लाल, तीन हिरवे आणि तीन निळे बसवायचे ठरले. असे दिवे आज काही रुपयांत मिळतात, म्हणून त्यांचे मोल लक्षात येत नाही. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये तयार झाला. चांगला प्रखर निळा मिळण्यासाठी मात्र १९९३ साल उजाडावे लागले. त्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा नसता तर आपल्या घरातले पांढरे एलईडी बल्बही नसते.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो आमच्याच घाईने. जुन्या दिव्यांच्या जागी नवे जसेच्या तसे डाग देऊन बसवले आणि बटण दाबले. लाल दिवे भपकन पेटले, हिरवे-निळे मिणमिणलेसुद्धा नाहीत, आणि पाहता पाहता लालही विझले. खोलीभर जळकट वास राहिला. लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात. हिरव्या-निळ्याला ३ व्होल्टच्या वर लागतात. सर्वांना एकाच तारेवर सरसकट जोडले की ज्याची गरज कमी तो सारा प्रवाह आपल्याकडे ओढून घेतो, इतरांना उपाशी ठेवतो आणि अखेर स्वतःही जळतो. मुले यावरून बराच वेळ हसत होती. त्यांना वसतिगृहाची पंगत आठवली असावी.

दुसऱ्या वेळी फळ्यावर गणित मांडले. तीन सेल मिळून ४.५ व्होल्ट. लाल दिव्याचे २ वजा केले तर २.५ उरतात. तेथे १५० ओहमचा रेझिस्टर लावला तर सुमारे १७ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. हिरव्या-निळ्याचे ३.१ वजा केले तर १.४ उरतात. तेथे ८२ ओहम लावले की प्रवाह पुन्हा तितकाच. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर, प्रत्येक रंगाला स्वतंत्र बटण. दिव्याचा लांब पाय धन बाजूला, आणि काचेच्या आतून ट्रेसिंग पेपरचा तुकडा, म्हणजे रंगांचे वेगवेगळे ठिपके न पडता ते एकमेकांत मिसळतात. घरी करून पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: सेल उतरू लागले की तिन्ही बटणे दाबून मिळणारा पांढरा प्रकाश तांबूस होत जातो. ३ व्होल्टच्या वर मागणारे हिरवे-निळे आधी थकतात, लाल शेवटपर्यंत तग धरतो.

या विजेरीने पुढचे आठ दिवस वसतिगृहात कोणी स्वस्थ बसले नाही. लाल आणि हिरवे बटण एकत्र दाबले की भिंतीवर पिवळा प्रकाश पडतो, हे पाहून मुले बटणे पुन्हा पुन्हा दाबत राहिली. कारण रंगपेटीत लाल-हिरवा मिसळला तर मातकट तपकिरी होतो. रंगद्रव्ये प्रकाशातून काही ना काही गिळत जातात, म्हणून त्यांचे मिश्रण काळवंडते. प्रकाश प्रकाशात भर घालतो, म्हणून तो उजळतो. लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या आधारे रंगीत चित्र पडद्यावर उभे करता येते हे मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला दाखवले होते. आपल्या मोबाइलचा पडदाही याच तिघांवर चालतो. बुद्धवंदनेच्या सभागृहातील पंचरंगी ध्वजावर केवळ लाल प्रकाश टाकला, तेव्हा पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे चारही पट्टे जवळजवळ एकसारखे उजळ दिसले आणि निळा काळा पडला. केवळ निळा प्रकाश टाकला तेव्हा निळा व पांढरा तेवढे उरले.

पेण हे गणेशमूर्तींचे गाव. मूर्तिपूजा हा आपल्या शाळेचा विषय नव्हे, पण रंगकाम हा आपल्या कितीतरी पालकांच्या कष्टाचा आणि कौशल्याचा विषय आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत हंगामात रात्ररात्र काम चालते. अशा एका कारखान्यात विजेरी नेली. लाल प्रकाशात पितांबराचा पिवळा आणि शेल्याचा पांढरा यांतला भेद पुसला गेला, हिरवा शेला काळा झाला. डोळ्यांची आखणी करणारे कारागीर हे पाहून फारसे चकित झाले नाहीत. रात्री दिव्याखाली कालवलेला रंग सकाळी दाराशी नेऊन पाहिल्याशिवाय मूर्तीला लावायचा नाही, हे ते आपल्या वडिलांकडून शिकले होते. आम्ही पाठ्यपुस्तकातून जे शिकवतो ते त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. विजेरी करावी असे ज्याने सुचवले तो नववीतील विद्यार्थी आमच्या गटातील सर्वांत हौशी. दुसऱ्या जुळणीच्या वेळी रेझिस्टर निवडण्याचे काम त्याच्याकडे दिले होते. रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात: १५० ओहमला तपकिरी, हिरवा, तपकिरी, ८२ ला करडा, तांबडा, काळा. त्याने दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले. पांढऱ्याऐवजी भलताच तांबूस प्रकाश आला, आणि आम्ही सर्वांसमोर त्याला ‘लक्ष कुठे असते’ म्हणून सुनावले. तो काही बोलला नाही. असेच त्याला पूर्वीही सुनावले होते: भूगोलाच्या नकाशात मैदाने तपकिरी आणि डोंगर हिरवे रंगवल्याबद्दल आम्ही त्याचे गुण कापले होते.

दोन दिवसांनी अंधाऱ्या खोलीत प्रयोग चालू असताना तो खडूंच्या पेटीपाशी बसला होता. लाल प्रकाश टाकायचा, खडू पाहायचे. पांढरा टाकायचा, पुन्हा पाहायचे. मग म्हणाला, “सर, हे दोन सारखेच आहेत ना? मग लाल बॅटरीत यातला एकच काळा का होतो?” त्याच्या हातात एक गडद लाल आणि एक गडद हिरवा खडू होता.

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. पुढे नेत्रतज्ज्ञांकडे ठिपक्यांतून आकडे ओळखण्याची तपासणी झाली आणि लाल-हिरव्यातील भेद त्याला नीट जाणवत नाही हे निश्चित झाले. हा आजार नव्हे. तो जन्मजात असतो, वयाबरोबर वाढत नाही आणि त्यावर औषध नाही. ज्या एक्स गुणसूत्रावर ही जनुके असतात ते मुलग्याला एकच मिळते, तेही आईकडून. म्हणून मुलग्यांत हा प्रकार मुलींपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. पालकांना हे सांगताना आम्ही शब्द जपून वापरले, कारण ‘आईकडून’ एवढेच ऐकून घरात कोणी कोणाला बोल लावू नये. डाल्टन या थोर शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्याच डोळ्यांतील हा प्रकार जगापुढे मांडला होता, हेही त्या मुलाला सांगितले. तो उजळला, पण त्याने लगेच विचारले, “मग मला गार्ड होता येईल?”

येथे खोटे बोलणे शक्य नव्हते. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने लोकरीच्या रंगीत लडींवरून रेल्वे कर्मचाऱ्यांचे डोळे तपासण्याची रीत घालून दिली. तेव्हापासून सिग्नलशी संबंध येणाऱ्या कामांना रंगदृष्टीची परीक्षा जगभर आली. गाडी चालवणे, गार्डचे काम, स्टेशन मास्तरचे काम त्याला मिळणार नाही. रेल्वेतच अशी पुष्कळ कामे आहेत जेथे ही अट नाही, असे आम्ही सांगितले; ते त्याने ऐकून घेतले, एवढेच म्हणता येईल. हे चौदाव्या वर्षी कळणे, भरतीच्या रांगेत बाविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा बरे की वाईट, यावर आम्हा शिक्षकांत आजही एकमत नाही. आमचे मत बरे या बाजूचे आहे. कापलेले गुण मात्र आम्ही त्याला परत दिले, आणि ज्या वर्गासमोर सुनावले होते त्याच वर्गासमोर चूक आमची होती असे सांगितले.

पालकांना एक विनंती. मूल झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवत असेल, कच्चे व पिकलेले फळ रंगावरून ओळखताना चाचपडत असेल, तर रागावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. आम्ही नकाशांवर आता रंगांबरोबर रेघा आणि ठिपकेही वापरतो, व खडूंवर रंगांची नावे चिकटवली आहेत.

त्या मुलाने पुढे स्वतः दुसरी विजेरी जुळवली. रेझिस्टरचे पट्टे वाचण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. मल्टिमीटरवर एकेक मोजून त्याने ते कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवले. आमच्या विजेरीच्या तीन बटणांवर आम्ही लाल, हिरवा, निळा असे रंगाचे ठिपके दिले होते. त्याच्या विजेरीवर ठिपके नाहीत. बटणांशेजारी ब्लेडने कोरलेल्या खाचा आहेत: एक, दोन आणि तीन.