‘५२५ पट’ची थाप

रत्नागिरीत बसून ऑनलाइन दुर्बीण मागवायच्या विचारात कोणी असेल, तर त्याने माझे ऐकून मगच पैसे भरावेत. मी डोळे मिटून खरेदी केली नव्हती. विक्रेत्याला चॅटवर सरळ विचारले होते, ‘गुरूचे पट्टे दिसतील का?’ लेखी उत्तर आले, ‘येस सर, ५२५ एक्स पॉवर आहे, सगळं क्लिअर दिसेल.’ जोडीला तेजोमेघांचे रंगीत फोटो पाठवले. ते हबल अवकाश दुर्बिणीने काढलेले. मी घेतलेल्या दुर्बिणीच्या ६० मिलिमीटरच्या भिंगातून तसे रंग कोणाच्याच डोळ्याला दिसत नाहीत.

हा ५२५ चा आकडा कुठून येतो ते समजून घ्या. पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर ७०० मिमी, सोबत डोळ्याशी लावायचे ४ मिमीचे आयपीस आणि वर वर्धन तीनपट करणारे बार्लो भिंग. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याची तिप्पट ५२५. हिशेब बरोबर, पण माल खोटा. कारण भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त दुपटीइतकेच वर्धन कामाचे असते, म्हणजे ६० मिमीला १२० पट. त्यापुढे चित्र मोठे होते, पण फिकट आणि पसरट होत जाते. दुर्बिणी विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

फेब्रुवारीतली रात्र होती, सड्यावर एक ढग नव्हता. बार्लो आणि ४ मिमीचे आयपीस लावून गुरूकडे पाहिले, तर राखाडी गोळा थरथरत होता. फोकसच्या चाकाला बोट लागले की तो गायब, कारण स्टँड सगळा प्लॅस्टिकचा. खाडीकडून वाऱ्याची झुळूक आली तरी तेच. शेवटी सगळे काढून खोक्यातले २० मिमीचे आयपीस लावले. वर्धन फक्त ३५ पट. आणि तिथे तो होता! रेखीव कडांची इवलीशी चकती आणि बाजूला एका रेषेत चार चंद्र. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत जेमतेम वीसपट वर्धनाच्या दुर्बिणीतून हेच चंद्र पाहिले होते. ते पाहून मला आनंद झालाच, पण संताप त्याहून जास्त आला. या दुर्बिणीबद्दल सांगण्यासारखा खरा आकडा ३५ होता, आणि तोच खोक्यावर कुठेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘सर, तुमच्याकडचं हवामान खराब असेल.’ आकाश निरभ्र होते म्हटल्यावर, ‘मग तुम्हाला सेटिंग जमलं नसेल.’ मला! मी आयपीसचे गणित सांगायला लागलो, तेव्हा ‘सील तुटलंय, परत घेता येणार नाही’ म्हणून फोन ठेवला. पैशांपेक्षा हे ‘जमलं नसेल’ जास्त झोंबले. या एका वाक्यामुळे कितीतरी मुलांना आपल्यातच काही कमी आहे असे वाटले असेल आणि त्यांच्या दुर्बिणी माळ्यावर गेल्या असतील.

एक गोष्ट मात्र पैशांची नाही, डोळ्यांची आहे. काही स्वस्त संचांत आयपीसला लावायची काळी ‘सन’ काच येते. ती वापरू नका, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका. भिंगाने एकवटलेल्या उन्हाने ती काच तडकू शकते, आणि मग डोळा कायमचा जातो. सूर्यासाठीचा प्रमाणित फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा असतो.

सुरुवातीला ७x५० किंवा १०x५० ची द्विनेत्री घ्या. चंद्रावरची विवरे, कृत्तिका, देवयानी दीर्घिका एवढे तीतून सहज दिसते. कोकणातल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. दव पडलेले भिंग तसेच झाकून ठेवू नका. आधी वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.

ऑनलाइन मार्गदर्शनही पारखून घ्यावे लागते. बरेचसे युरोप-अमेरिकेतल्या आकाशासाठी केलेले असते. त्यांचा ध्रुव उंचावर असतो. आपला क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर, माडांच्या आड. उलट अगस्त्य, त्रिशंकू आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनहून दिसतच नाहीत, म्हणून तिकडच्या मार्गदर्शनात त्यांना जागा नसते. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू उभा दिसतो. ‘स्टेलॅरियम’ हे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळते. त्यात ठिकाण रत्नागिरी टाका, म्हणजे आपले आकाश दिसेल. आणि फॉरवर्ड केलेल्या गोष्टींवर भिस्त ठेवू नका. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे सर्रास पसरवले जाते. त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास सूर्यग्रहणाला.

सड्यावर जाताना पायात बूट घाला, हातात विजेरी ठेवा. आपल्या कातळावर विषारी फुरसे असते.

आणि काहीही विकत घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन घडवते. एवढे करूनही ऑनलाइनच घ्यायची असेल, तर भिंगाचा व्यास आणि परतीची अट लेखी मागा आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मी नोंदवली आहे.