विज्ञानशिक्षक आणि क्षेत्रसंशोधन

बहाव्याच्या फुलांचा बहर एप्रिल-मे महिन्यांत येतो, असे आपण वाचतो. समजा, ऐन नोव्हेंबरात एखादा विद्यार्थी पिवळ्याधमक फुलांचा घोस घेऊन वर्गात आला आणि "गुरुजी, हा आत्ताच कसा फुलला?" असे त्याने विचारले, तर शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. "तो अपवाद आहे" असे सांगून धडा पुढे चालविणे, हा पहिला. ते झाड कोठे आहे, गेल्या वर्षी ते केव्हा फुलले होते, आसपासच्या बहाव्यांची स्थिती काय आहे, हे पाहावयास विद्यार्थ्यांसह बाहेर पडणे, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने जाण्यास "मला ठाऊक नाही, आपण पाहू" असे वर्गासमोर म्हणण्याचे धैर्य लागते. उत्तर आधी ठाऊक नसलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा ज्याने स्वतः एकदा तरी केला आहे, त्यास ते धैर्य सहज येते. विज्ञानशिक्षकाने शास्त्रज्ञांसमवेत क्षेत्रसंशोधन करावे, ते यासाठी. क्षेत्रसंशोधन म्हणजे प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेला पद्धतशीर अभ्यास होय.

म्हैसूरची अनुकूलता

अशा अभ्यासास म्हैसूर हे शहर फार सोयीचे आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३९-४० साली तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. कावेरीच्या पात्रातील रंगनतिट्टू बेटांस १९४० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तोही त्यांच्याच आग्रहामुळे. शहरातील कुक्करहळ्ळी तलाव १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीत बांधला गेला. विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर त्यास लागूनच आहे.

याच शहरात १९६३ साली प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने देशात अशी चार महाविद्यालये काढली. अजमेर, भोपाळ व भुवनेश्वर येथे उरलेली तीन होती. विज्ञानविषय आणि अध्यापनशास्त्र ही दोन्ही एकाच चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवावीत, ही त्यांमागील कल्पना होती. ही संस्था आज प्रादेशिक शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. वन्यजीवांचा अभ्यास करणारी 'नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन' ही संस्थाही १९९६ पासून म्हैसूर येथे आहे. शिक्षक घडविणारी संस्था, संशोधक आणि अभ्यासाचे क्षेत्र अशी तिन्ही येथे हाकेच्या अंतरावर आहेत.

झाडाची साप्ताहिक नोंद

या फाउंडेशनचे शास्त्रज्ञ व बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या प्रयत्नाने २०१० च्या सुमारास 'सीझनवॉच' हा उपक्रम सुरू झाला. त्यात पुढे केरळातील शाळांनी मोठ्या प्रमाणावर भाग घेतला. कार्यपद्धती साधी आहे. निरीक्षकाने एक झाड निवडावे आणि दर आठवड्यास त्याच झाडाची कोवळी, जून व सुकलेली पाने, कळ्या, फुले, कच्ची व पिकलेली फळे पाहून प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडी' अथवा 'पुष्कळ' असे नोंदवावे.

काम हाती घेतल्यावर मात्र अडचणी दिसू लागतात. आंब्याचे तांबूस पान हिरवे होऊ लागले, की त्यास कोवळे म्हणावे की जून? 'थोडी' कोठे संपतात आणि 'पुष्कळ' कोठे सुरू होतात? दोन शिक्षक एकाच झाडाखाली उभे राहून भिन्न नोंदी करतात, तेव्हा व्याख्या आधी ठरविणे किती आवश्यक आहे ते त्यांस उमगते. शास्त्रज्ञाचा सहवास येथे उपयोगी पडतो. तो केवळ उत्तर सांगत नाही. मतभेद कशामुळे झाला व तो कोणत्या नियमाने मिटविता येईल, हे दाखवितो.

अशा नोंदींचे मोल काळाबरोबर वाढते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंतागमाच्या खुणा टिपण्यास आरंभ केला. त्याच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालविले. हवामान पालटले म्हणजे झाडे व पक्षी यांचे वेळापत्रक कसे सरकते, हे अभ्यासताना संशोधकांस त्या वह्या उपयोगी पडल्या. एका वर्षाच्या नोंदीने नोव्हेंबरातील बहाव्याचे कोडे उलगडणार नाही. पण वीस वर्षांच्या नोंदी त्यावर प्रकाश टाकू शकतील.

शहराचे चौकोन

२०१४ ते २०१६ या काळात म्हैसूरच्या हौशी पक्षिनिरीक्षकांनी शहराचा पक्षिनकाशा तयार केला. नकाशावर चौकोन आखून प्रत्येक चौकोनातील पक्ष्यांची मोजणी करणे, ही अशा कामाची रीत होय. केरळात २०१५ ते २०२० या काळात याच धर्तीवर सर्व राज्याची पाहणी झाली. तेथे निश्चित केलेल्या जागी पंधरा-पंधरा मिनिटांच्या याद्या करण्यात आल्या.

चौकोन कशासाठी? निरीक्षकांस मोकळे सोडले, तर बहुतेक जण तलावाकाठी जातील. मग पक्षी केवळ तलावाकाठीच राहतात, असा भ्रामक निष्कर्ष निघेल. म्हणून बाजारपेठ, नवी वसाहत, उजाड माळ यांच्याही वाट्यास तेवढाच वेळ आला पाहिजे. अशा ठिकाणी पंधरा मिनिटांत दोन कावळे आणि एक पारवा एवढेच दिसले, तरी ती नोंद पूर्ण मोलाची असते. 'दिसले नाही' हीदेखील माहितीच होय, हे तत्त्व एका सकाळच्या अनुभवाने जितके पटते तितके व्याख्यानाने पटत नाही. ज्या शिक्षकास ते पटले, तो विद्यार्थ्याच्या वहीतील शून्य खोडावयास सांगत नाही.

एक सावधगिरी

अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या 'पोलरट्रेक' योजनेने शाळाशिक्षकांस ध्रुवप्रदेशातील संशोधकांबरोबर काही आठवडे काम करण्याची संधी दिली. एवढा दूरचा प्रवास प्रत्येकास शक्य नाही आणि आवश्यकही नाही. शिक्षकाचे स्थान काय, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञास हजार झाडांखाली दर आठवड्यास उभे राहता येत नाही, म्हणून त्यास शिक्षकांचे साहाय्य हवे असते. परंतु शिक्षकाने केवळ आकडे भरून पाठवावेत आणि त्यांचे पुढे काय झाले हे त्यास कधी कळूच नये, असे घडल्यास संशोधनाचे काम होईल. शिक्षकाचे शिक्षण होणार नाही. प्रश्न निवडणे, नोंदींतील चुका शोधणे आणि निष्कर्ष काढणे, या तिन्ही पायऱ्यांवर त्यास सहभागी करून घेतले पाहिजे. परीक्षा व वेळापत्रक यांच्या ओढाताणीतून त्यासाठी सवड काढून देणे, हे शाळेचे कर्तव्य ठरते.

आपल्या शाळेत

आरंभ एका झाडापासून करता येतो. आवारातील आंबा, चिंच, पळस, पांगारा अथवा बहावा निवडावा. त्यास क्रमांक द्यावा. आठवड्याचा वार व वेळ ठरवावी. सुट्टीतील नोंदीची जबाबदारी जवळपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर सोपवावी. चुकलेला आठवडा अंदाजाने भरू नये. ती जागा कोरी ठेवावी. शिक्षकाची बदली झाली, तरी वही शाळेतच राहावी. वही जुनी होत जाईल, तसतशी तिची उत्तरे देण्याची शक्ती वाढत जाईल.

अभ्यास

१. दोघांनी एकाच झाडाची नोंद स्वतंत्रपणे करावी. फरक कोठे पडला व का, ते लिहावे.
२. गावाच्या नकाशावर समान चौकोन आखावेत. कोणत्या चौकोनात सहसा कोणी निरीक्षणास जाणार नाही? त्यामुळे निष्कर्षात कोणता दोष येईल?
३. चुकलेल्या आठवड्याची कोरी जागा आणि 'नाही' ही नोंद यांत काय भेद आहे?